अग्निबाणांच्या टळलेल्या तारखा

जे घडले त्याची नोंद ठेवावी अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. जे घडावयाचे होते आणि ठरल्या दिवशी घडले नाही, त्याची नोंद ठेवण्याची चाल मात्र नाही. जेधे शकावली उघडून पाहावी. अमक्या शकात, अमक्या मासी, अमुक गड घेतला, अमके वारले, अशा ओळीमागून ओळी लागतात. त्या गडाचा बेत आधी कधीचा होता, स्वारी किती दिवस अडून राहिली, कशाने अडली, हे तेथे क्वचितच सापडते. ते शोधावयाचे तर पत्रांचे रुमाल सोडून बसावे लागते.

अग्निबाणांच्या इतिहासाची गोष्ट निराळी असावी, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. काम शास्त्रज्ञांचे, हिशेब सेकंदाचा. पण श्रीहरिकोट्याहून झालेल्या उड्डाणांची यादी हाती घ्या. तीत १८ एप्रिल २००१ ही तारीख सापडेल. २८ मार्च २००१ सापडणार नाही. ५ जानेवारी २०१४ सापडेल; १९ ऑगस्ट २०१३ सापडणार नाही. या न सापडणाऱ्या दोन्ही दिवशी अग्निबाण तळावर सज्ज उभा होता, उलटी गणती चालू होती, सारा देश कान लावून बसला होता, आणि उड्डाण झाले नाही. यादी ही शकावलीच होय. टळलेल्या तारखा हव्या असतील तर त्या त्या दिवसांची वर्तमानपत्रे चाळावी लागतात.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की गेल्या काही वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. मागील उड्डाणांच्या नोंदी हाताशी असतील, तर पुढील उड्डाणास किती विलंब होईल हे आधी सांगता येईल काय? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आजवर आपल्या भूमीवरून आपल्या अग्निबाणांनी यंत्रे नेली. पुढे माणसे जावयाची आहेत. तारखेचा आग्रह धरावा की सोडावा, हे ठरविताना मागचा अनुभव काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, याचा नीट विचार झालेला बरा.

विलंब म्हणून ज्याला आपण एका शब्दात ओळखतो, त्याच्या जाती मात्र दोन आहेत, आणि त्या एकत्र कालवल्या की सारा हिशेब फसतो. करवीरकरांस पहिल्या जातीची ओळख करून द्यावयास नको. शाहू छत्रपतींनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले ते १९०९च्या सुमारास. पैशाची ओढ लागली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काम थांबले. महाराज १९२२ साली निवर्तले. १९३९च्या सुमारास काम पुन्हा हाती घेतले गेले आणि धरण पुरे झाले तोवर देश स्वतंत्र झाला होता व १९४९ साली कोल्हापूर संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले होते. हा वर्षांनी मोजावयाचा विलंब. यात पैसा, माणसे, युद्ध, राजकारण, सगळे येते. दुसरी जात निराळी. धरण बांधून झाले आहे, पाणी भरले आहे, दार उचलावयाच्या क्षणी एखादी कडी अडकल्याचे दिसते आणि माणूस हात आखडता घेतो. हा विलंब तासांनी किंवा दिवसांनी मोजावयाचा. पहिला विलंब कामाचा आणि दुसरा सावधगिरीचा, असे आम्ही म्हणू.

भारतीय अग्निबाणांचा इतिहास दुसऱ्या जातीच्या विलंबानेच सुरू होतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या गावी पहिला अग्निबाण सुटला. बाण अमेरिकेचा, नायकी-अपाची नावाचा. प्रयोगशाळा म्हणजे तेथील मेरी मॅग्डलिनचे देऊळ आणि बिशपचे घर. विक्रम साराभाईंनी जमविलेल्या त्या तुकडीत अब्दुल कलाम होते, प्रमोद काळे यांच्यासारखे मराठी तरुणही होते. बाणातून सोडियमची वाफ सोडून तिचा ढग आकाशात पाहावयाचा होता. ढगावर ऊन पडावे आणि पाहणारा मात्र अंधारात असावा, अशी वेळ संधिप्रकाशाचीच. म्हणजे संध्याकाळची थोडकी मिनिटे. नेमक्या त्या वेळी बाण उचलणारी यारी गळू लागली आणि बाण कलला. सहाची वेळ जवळ आलेली. दुरुस्तीस अवकाश नव्हता. मंडळींनी बाण हातांनी उचलून, खांदे लावून जागेवर बसविला, आणि सहा वाजून गेल्यावर तो सुटला. कलामांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत लिहून ठेविली आहे म्हणून ती आपणांस कळते. यादीत फक्त तारीख आहे.

आपल्याकडे मुहूर्त टळला की हळहळतात. अग्निबाणालाही मुहूर्त असतो, पण तो पंचांगातून येत नाही. पृथ्वी, सूर्य आणि जावयाचे ठिकाण यांच्या स्थितीवरून येतो. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. २०१३ साली मंगळयान २८ ऑक्टोबरला जावयाचे ठरले होते. त्याचा माग घेण्यासाठी दोन जहाजे दक्षिण प्रशांत महासागरात पाठविली होती. तेथील हवामान बिघडले, जहाजांस जागेवर पोचावयास उशीर झाला, आणि उड्डाण ५ नोव्हेंबरला झाले. आठ दिवसांचा हा विलंब मुहूर्ताच्या आत बसला म्हणून निभावले. न बसता तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले असते. म्हणजे एकाच कारणाने झालेला उशीर कधी आठ दिवसांचा ठरतो, कधी आठशे दिवसांचा. आकडेमोड करणाऱ्याने हे ध्यानात धरावयास हवे.

आता १९७९ सालाकडे वळू, कारण आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग तोच आहे. एसएलव्ही-३ हा संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला उपग्रहवाहक. उंची २२ मीटर, वजन १७ टन, टप्पे चार. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो श्रीहरिकोट्याच्या तळावर उभा होता आणि कलाम त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. उलटी गणती अखेरच्या मिनिटांत आली असता संगणकाने ती थांबविली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी भरलेल्या द्रवाची गळती होत होती. भोवतालच्या तज्ज्ञांनी हिशेब करून सांगितले की साठा पुरेसा आहे, काळजीचे कारण नाही. कलामांनी संगणकास बाजूस सारून बाण सोडला. पहिला टप्पा सुरळीत जळाला. दुसऱ्यात नियंत्रण सुटले आणि अवघ्या काही मिनिटांत बाण बंगालच्या उपसागरात जाऊन पडला. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या बाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, आणि स्वतःच्या सामर्थ्यावर उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना झाली. कलामांनी ही गोष्ट पुढे कितीतरी व्याख्यानांत स्वतःच सांगितली. मोठी माणसे आपल्या अपयशाची नोंद स्वतः ठेवितात, हे त्यांचे आपल्यावर उपकार.

विलंबाच्या तक्त्यात १० ऑगस्ट १९७९ या दिवसापुढे काय लिहावयाचे? विलंब शून्य. बाण ठरल्या दिवशी सुटला. ज्याला केवळ तारीख पाळली की नाही एवढेच मोजावयाचे आहे, त्याच्या लेखी हा उत्तम दिवस! एवढ्या एका उदाहरणावरून दिसते की विलंबाचा रकाना एकटा ठेवणे व्यर्थ आहे. त्याच्या शेजारी परिणामाचा रकाना हवा, आणि कारणाचाही.

यानंतरच्या चाळीस वर्षांत श्रीहरिकोट्यावरची वागणूक कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. २८ मार्च २००१ रोजी जीएसएलव्ही हा नवा मोठा बाण प्रथमच उडावयाचा होता. त्याच्या बाजूंस जोडलेली चार द्रवइंधनाची यंत्रे मधल्या मुख्य टप्प्याच्या काही सेकंद आधी पेटवितात. ती पेटली, पण चारांपैकी एकात पुरेसा जोर येत नाही असे संगणकास आढळले आणि उड्डाणास जेमतेम एक सेकंद उरला असता त्याने सारे बंद केले. धूर, ज्वाळा, आणि मग बाण जागच्या जागी उभा. या वेळी संगणकास कोणी बाजूस सारले नाही, आणि तेवढा अवकाशही कोणास नव्हता. निर्णय यंत्राकडेच सोपविलेला होता. २१ दिवसांनी, १८ एप्रिलला, तोच बाण उडाला.

१९ ऑगस्ट २०१३ची गोष्ट याहून अधिक कसोटीची. आदल्या तीन वर्षांत जीएसएलव्हीची दोन उड्डाणे फसली होती, दोन्ही २०१०मधली. संस्थेची अब्रू पणास लागली होती. उड्डाणास ७४ मिनिटे असता दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसले. गणती थांबली. बाण तळावरून परत नेला, दुसरा टप्पा सबंध बदलला, आणि उड्डाण झाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे १३९ दिवसांनी. त्या दिवशी भारतीय बनावटीचे अतिशीत इंधनाचे यंत्र प्रथमच नीट चालले. १५ जुलै २०१९च्या पहाटे चंद्रयान-२ची गणती ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असता थांबली. यान २२ जुलैला दुपारी गेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या बचावयंत्रणेची एक चाचणी सकाळी आठाची, हवामानामुळे पाऊण तास पुढे गेली; पुढे अवघी पाच सेकंदे उरली असता संगणकाने हात धरला. दोष शोधून दहा वाजता ती पार पडली. २०२४च्या डिसेंबरात प्रोबा-३ या युरोपीय जोडउपग्रहाचे उड्डाण ४ तारखेचे ५ तारखेस गेले, कारण उपग्रहातच काही बिघाड आढळला.

मात्र थांबले म्हणजे यश येते, असा उलटा समज कोणी करून घेऊ नये. एक उपग्रह ५ मार्च २०२० रोजी जावयाचा होता. आदल्या दिवशी तांत्रिक कारणाने उड्डाण पुढे ढकलले. पाठोपाठ साथीचा काळ आला. अखेर १२ ऑगस्ट २०२१ रोजी, ५२५ दिवसांनी, बाण उडाला आणि वरचा टप्पा पेटलाच नाही. दीड वर्ष थांबूनही उपग्रह गेला तो गेलाच.

आता या नोंदी एका ओळीत मांडून पाहू. त्याच दिवशी झालेले, म्हणजे शून्य दिवस. मग १, ७, ८, २१, १३९ आणि ५२५. सातही प्रसंग आम्ही गाजलेल्यांतून निवडले आहेत, सर्व उड्डाणांची ही मोजदाद नव्हे. परंतु रीत समजण्यास पुरे. बेरीज ७०१, सरासरी सुमारे १०० दिवस. आता पाहा, या सातांपैकी एक तरी विलंब शंभर दिवसांच्या जवळपास आहे काय? नाही. सरासरीचा आकडा एका ५२५ने ओढून नेला आहे. उलट सातांतला मधला आकडा पाहिला तर तो ८ दिवसांचा. पुढच्या वेळी गणती थांबली आणि कोणी विचारले, आता किती दिवस, तर या तुटपुंज्या नोंदीवरूनही समंजस माणूस म्हणेल की बहुधा आठवडाभर, तीन आठवडेही लागतील, आणि क्वचित एखाद्या वेळी वर्ष उलटेल. एक आकडा सांगणारा ज्योतिषी आणि असा पल्ला सांगणारा हिशेबनीस यांतला फरक एवढाच आहे. पण तो फार आहे.

त्यातही कारण ठाऊक झाले की पल्ला आखडतो. हवामानाने थांबले तर तास किंवा दिवस. तारेचा, संगणकाचा, दाबाचा दोष असेल आणि तळावरच हात पोचत असेल तर आठवडा. टप्पा सोडवून परत न्यावा लागला तर महिने. यासाठी फार विद्वत्ता लागत नाही; आमच्या शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या कारखानदारासही हे कळते. साचा तुटला की तो पंधरा दिवस सांगतो, वीज गेली की दोन तास.

आता पहिल्या जातीच्या, वर्षांनी मोजावयाच्या विलंबाकडे येऊ. १९५८ साली अमेरिकेच्या आरमाराने पाणबुडीवरून सोडावयाच्या पोलॅरिस अग्निबाणासाठी एक रीत बसविली. प्रत्येक कामास सर्व काही जुळून आले तर किती वेळ, बहुधा किती, आणि सर्व बिघडले तर किती, असे तीन अंदाज मागावयाचे आणि त्यांवरून एकंदर वेळ काढावयाचा. पुढे जगभरच्या मोठ्या बांधकामांत ती रूढ झाली. रीत चांगली, पण तिच्यात एक गोम आहे. तीनही अंदाज काम करणाराच देतो, आणि काम करणाऱ्यास आपले काम नेहमी सरळ दिसते. १९७९ साली, म्हणजे एसएलव्ही पडला त्याच वर्षी, काहनेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे दाखविले की माणूस आपल्या कामाकडे आतून पाहतो तेव्हा अडचणी मोजीत बसतो आणि तरी कमीच मोजतो. त्याने बाहेरून पाहावे, म्हणजे असलीच कामे इतरांस आणि आपल्यास पूर्वी प्रत्यक्ष किती वेळ खाऊन गेली ते विचारावे. घर बांधलेल्या कोणत्याही गृहस्थास हे पटेल. गवंड्याच्या बोलण्यावर विसंबू नये; शेजाऱ्याचे घर किती दिवसांत उभे राहिले ते पाहावे.

बाहेरून पाहिले तर काय दिसते? अमेरिकेची वेब दुर्बीण प्रथम २००७ साली जावयाची होती. ती २५ डिसेंबर २०२१ रोजी गेली. आपले गगनयान घेऊ. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले की स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, भारतीय माणूस भारतीय यानातून अवकाशात जाईल. मे २०२५मध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी २०२७ची पहिली तिमाही सांगितली. आता सरळ त्रैराशिक मांडू. ऑगस्ट २०१८ ते मे २०२५ हे ८१ महिने. एवढ्या काळात तारीख ऑगस्ट २०२२वरून फेब्रुवारी २०२७च्या सुमारास गेली, म्हणजे ५४ महिने पुढे सरकली. ८१ महिने चालून आपण उद्दिष्टाच्या जवळ आलो २७ महिने. तीन महिने चालावे तेव्हा एक महिना अंतर तुटते. मे २०२५मध्ये २१ महिने उरले होते. याच चालीने ते तुटण्यास ६३ महिने लागतील. उत्तर येते ऑगस्ट २०३०.

हे उत्तर आम्ही भविष्य म्हणून सांगत नाही, आणि श्रोत्यांनीही ते घरी जाऊन तसे सांगू नये. त्या ८१ महिन्यांत साथीची दोन वर्षे होती. ती पुन्हा येतीलच असे नाही. नव्या कामाचा आरंभ नेहमी चाचपडत होतो, कारण कोणत्या अडचणी आहेत हेच ठाऊक नसते. निम्म्याहून अधिक चाचण्या झाल्यावर चाल बदलते. तरीही हे त्रैराशिक निरुपयोगी नाही. जाहीर तारीख हा एका टोकाचा अंदाज असतो, हे दुसरे टोक. खरे काय ते बहुतेक या दोहोंमध्ये असावे.

मागच्या नोंदींवरून पुढचे सांगण्याच्या कलेचा एक मोठा मराठी अनुभव आपल्याजवळ आहे, आणि योग असा की तो एका अग्निबाणशास्त्रज्ञाचाच आहे. वसंत गोवारीकर हे अग्निबाणांच्या घन इंधनाचे जाणकार. १९७९ ते १९८५ या काळात थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक. पुढे दिल्लीस गेल्यावर त्यांनी मान्सूनचा प्रश्न हाती घेतला. समुद्राचे तापमान, हिमालयावरील बर्फ, वाऱ्यांचे दाब अशा सोळा गोष्टींच्या मागील नोंदी आणि त्या त्या वर्षीचा पाऊस यांचा मेळ घालून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र बसविले. १९८८पासून हवामानखाते त्यावरून देशाचा पाऊस सांगू लागले. वर्षानुवर्षे पाऊस सर्वसाधारण राहील असे सूत्र म्हणे आणि पाऊस तसा होई. शेतकऱ्यांत गोवारीकरांचे नाव झाले. मग २००२ साल आले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. देशात पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी पडला. पुढच्या वर्षी खात्याने जुने सूत्र बदलून नवे घेतले.

यात गोवारीकरांस उणेपणा नाही. ज्या वर्षांवर सूत्र बसविले होते त्यांत जे नाते दिसले, ते पुढे टिकले नाही. शिवाय चौदा चांगल्या वर्षांनी सूत्राची खरी परीक्षा झालीच नव्हती. जे वर्ष सर्वसाधारण जावयाचे ते कोणीही तसे सांगितले असते. परीक्षा दुष्काळाच्या वर्षी. अग्निबाणांच्या विलंबाचे सूत्र बसविणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा, कारण त्यांच्याजवळ पावसाइतक्याही नोंदी नाहीत. पावसाची नोंद शतकाहून अधिक काळाची आहे. जीएसएलव्ही जातीच्या बाणाची उड्डाणे बोटांवर मोजता यावीत, फार तर हातापायांच्या.

नोंदी थोड्या असणे हा एक दोष. त्याहून भयंकर दोष म्हणजे असलेल्या नोंदींपैकी निम्म्याच पाहणे. १९८६ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचे उड्डाण काही दिवस सारखे पुढे पुढे जात होते. कधी हवा, कधी दाराची कडी. २७ जानेवारीच्या रात्री बाजूच्या घन इंधनाच्या नळ्या बनविणाऱ्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरून हरकत घेतली: थंडी फार आहे, नळ्यांच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत कडक होतात, थांबा. त्यांस विचारण्यात आले, पुरावा काय? त्यांनी पूर्वीच्या ज्या उड्डाणांत कडी जळाली होती तेवढीच मांडली. त्यांत काही थंडीतली होती, काही उन्हाळ्यातली. नाते दिसेना. वरिष्ठांनी कल दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यान सुटले. ७३ सेकंदांनी ते फुटले. सात जण गेले.

चौकशी मंडळाने नंतर साधी गोष्ट केली. कडी जळाली नव्हती ती उड्डाणेही त्याच तक्त्यात घातली. आता चित्र स्पष्ट उभे राहिले. सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट वा अधिक असता झालेल्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत कडीस इजा झाली होती. ६३ अंश वा कमी असता झालेल्या चारांपैकी चारांत. त्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते. नोंदी सगळ्या हाताशी होत्या. फक्त निम्म्या पाहिल्या गेल्या.

कोल्हापुरास हे समजावयास कठीण जाऊ नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी पावसाळाभर पाहतात. ३९ फुटांस इशारा, ४३ फुटांस धोका. पूर आला तरच मोजावयाचे अशी रीत असती, तर २०१९ आणि २०२१च्या पुरांचे आकडे आपल्याजवळ असते. पण किती पावसात पाणी वीस फुटांवरच राहते, हे कधीच कळले नसते, आणि मग पुढच्या पुराचा अदमास कशावरून बांधावयाचा? बिनपुराच्या दिवसांच्या कंटाळवाण्या नोंदी हाच त्या वहीचा खरा ऐवज.

चॅलेंजरच्या प्रसंगात मागील नोंदींचा आणखी एक दुरुपयोग झाला होता. कडी पूर्वीही जळाली, तरी यान सुखरूप परतले. तेव्हा आताही परतेल. चौकशी मंडळातले भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी या विचारावर कडक टीका केली. एकदा वाचलो म्हणजे धोका नव्हता असे होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. १९७९ साली श्रीहरिकोट्यावर जो हिशेब झाला, साठा पुरेसा आहे हा, तोही याच कुळातला. फरक इतकाच की त्या बाणावर माणूस नव्हता.

२०२५ साली माणूस होता. शुभांशु शुक्ला हे वायुदलाचे अधिकारी अमेरिकेतून एका खाजगी संस्थेच्या फाल्कन बाणावरून अंतराळस्थानकाकडे जावयाचे होते. पहिली तारीख २९ मे. ती जूनमध्ये गेली. मग हवामान आले, मग बाणातील द्रव ऑक्सिजनची गळती आली, मग स्थानकाच्या रशियन भागातील गळतीचा प्रश्न निघाला. ऑक्सिजनची गळती पुरती बंद करून पुन्हा तपासल्यावाचून उड्डाण होऊ नये, असा आग्रह तेथे गेलेल्या भारतीय तुकडीने धरला. शेहेचाळीस वर्षांपूर्वी गळतीस पुरेसा साठा आहे म्हणणारी जी संस्था, तीच ही. शुक्ला २५ जूनला गेले आणि १५ जुलैस परतले. विलंब २७ दिवस. जाहीर झालेल्या तारखा इतक्या की पुढे त्या क्रमाने सांगणे वर्तमानपत्रे चाळल्याशिवाय कोणास साधावयाचे नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती येथील शाळांच्या विज्ञानमंडळांस उद्देशून आहे. गगनयानाची मानवरहित उड्डाणे व्हावयाची आहेत, मग माणसांची. एक साधी वही करावी. तीत पाच रकाने आखावे: तारीख कोणत्या दिवशी सांगितली; कोणती सांगितली; टळली असल्यास गणतीत किती वेळ उरला असता; कारण काय दिले; आणि अखेर उड्डाण झाले तेव्हा परिणाम काय. बिनचूक झालेल्या उड्डाणांचीही ओळ गाळू नये. पहिली ओळ आजच लिहिता येईल. सांगितल्याचा दिवस १५ ऑगस्ट २०१८. सांगितलेले वर्ष २०२२. पुढचे तीन रकाने तूर्त कोरे.